तळ

आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा,
मादागास्करात त्याला कापुआका म्हणतात.
साडेतीन कापुआका तांदूळ म्हणजे एक किलो.
हारिवुलाला हे शाळेआधीच पाठ होतं.

आलाओत्रा तळ्याकाठी आई तांदूळ विकायची.
बाजाराच्या आदल्या रात्री, चुलीशी बसून
डब्याचा तळ अंगठ्यानं आत दाबायची,
एवढासाच.
हारिवुला दिवा धरायची.

मग शिष्यवृत्ती. तुलूझची थंडी, उसना कोट,
नाव नीट न उच्चारणारे प्राध्यापक.
परतली ती एकशे बारा पानांची प्रश्नावली घेऊन:
गेल्या सात दिवसांत घरात किती तांदूळ शिजला?
बायका सांगायच्या डब्यांत,
पोरं लिहून घ्यायची किलोंत,
आणि कागदावर गावं
जरा जास्तच जेवायची.

तिनं तराजू मागवला.
चाळीस बाजार, सहाशे डबे,
एकेक उलटा धरून चाचपलेला.
शंभरातले आठ दाणे मुळात नव्हतेच.
निबंध गाजला. त्यात तक्ते होते, सूत्र होतं,
सतरा तळटिपा होत्या.
अंगठा नव्हता.

झाफिसुआ नावाच्या विक्रेतीनं
हातातला डबा हिसकावून घेत विचारलेलं,
"खड्डा लिहिलास. आणि बाळंतिणीला
वर घालते तो वरताळा?
तो कुठल्या रकान्यात?"
रकाना नव्हता.
पुढच्या फेरीत तिनं तो घालायला लावला,
वरिष्ठांनी खोडला,
तिनं पुन्हा घातला. अकरा वर्षं.

त्या दुरुस्तीनं एका रात्रीत
तीन लाख माणसं रेषेखाली आली.
मंत्री म्हणाले, "बाई, एवढे गरीब तुम्ही केलेत?"
"नाही," ती म्हणाली, "जेवायला बसवले तेव्हा
ताटं मोजली."
त्यानंतर तिची बदली झाली,
खिडकी नसलेल्या खोलीत.

निवृत्तीच्या महिन्यात ती तळ्याकाठी गेली.
आई आता डोळ्यांनी अधू.
पिशवीतून काढून तिनं आईच्या हातात
सर्वेक्षणातला एक डबा ठेवला,
काही न बोलता.
म्हातारीनं तो उलटा केला,
तळावरून अंगठा फिरवला, हळू,
एकदा, मग परत एकदा.

"हा माझा नव्हे," ती म्हणाली.
"एवढा खोल मी
कधीच दाबला नाही."