शी, उद्गारचिन्हाशिवाय

सावनी, ये. हा बेडूक तुझा.
हिरवा, प्लॅस्टिकचा, दोनशे चाळीसचा,
विक्रोळी स्टेशनसमोर घासाघीस करून
दोनशेला आणलेला.
त्याच्या पाठीवर बसायचं. एवढंच.
काही झालं तर झालं,
नाही झालं तर त्याला सांगू, उद्या ये म्हणावं.

चड्डी ओली झाली? असू दे.
मोरीत पाणी आहे, दोरीवर दुसरी चड्डी आहे,
बाबाला आज सुट्टी आहे.
फरशी पुसायला असा कितीसा वेळ लागतो,
दहा बाय पंधराची तर खोली.

आपल्या भाषेत ना, एक गंमत आहे.
तू करतेस ती शी,
आणि लोक नाक मुरडून म्हणतात तेही शी!
एकच अक्षर.
मला दोन्ही एकदमच शिकवलं.
चाळीच्या टोकाला रांग, माझ्या हातात टमरेल,
आणि नंबर यायच्या आतच माझं झालं.
अण्णांची थप्पड, पाठोपाठ ते अक्षर,
सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं.
पुढे कित्येक वर्षं मी पोट आवळून जगलो.
परीक्षेत, मुलाखतीत,
तुझ्या आईला पहिल्यांदा भेटलो त्या दिवशीसुद्धा.

म्हणून ठरवलंय, या घरात ते अक्षर
उद्गारचिन्हाशिवाय बोलायचं.
दूध. पोळी. शी.

नार्वेकर मावशी म्हणतात, एक धपाटा घाला,
दोन दिवसांत शिकेल.
शिकेल हो, मावशी.
काय शिकेल, ते मला माहितीय.

तरी परवा तू पडद्यामागे गेलीसच.
खालून दोन पावलं दिसत होती,
अंगठे फरशीत रोवलेले.
आतून आवाज, "बाबा, बघू नको."
मी पाठ फिरवली,
तुझं होईपर्यंत कपाटाशी गप्पा मारल्या.
मग आपण दोघांनी मिळून पुसलं,
तू जरा जास्तच पसरवलंस.

रात्री बाबा कुठे जातो, ठाऊक आहे?
घाटकोपरला, पंपिंग स्टेशनवर.
विसाव्या मजल्यावरचं आणि आपल्या गॅलरीच्या टोकाचं
तिथे एकाच नळातून येतं.
जाळीला कुणाचा पत्ता कळत नाही.
साहेब राउंडला येतात तेव्हा रुमाल लावतात.
मी सुटताना साबणानं दोनदा अंघोळ करतो,
तरी बसमध्ये शेजारचा माणूस
खिडकीकडे सरकतो.
तू मात्र दारातच गळ्यात पडतेस, मानेत नाक खुपसून.

गुरुवारी रात्रपाळी करून झोपलो होतो.
आई मशिनवर ब्लाउज शिवत होती.
उशीपाशी काहीतरी घासत घासत आलं.
डोळे उघडले तर बेडूक,
नाकापासून वीतभर. रिकामा नव्हता.
मागे तू, चड्डी घोट्यांपर्यंत,
फ्रॉकचं टोक दातांत धरलेलं,
त्यातूनच म्हणालीस, "मी केली."

मी बघितलं. नीट बघितलं,
पासबुकात पगार जमा झालाय का बघतात तसं.
"छान आहे गं."
"आता तुझ्या हापिसात पाठव."

मशिन थांबलं. आई हसून हसून
पदरात तोंड खुपसून बसली.

मग आपली वरात गॅलरीतून निघाली.
मी बेडूक दोन्ही हातांनी धरून,
तू पुढे, उघड्या ढुंगणानं, "बाजूला! बाजूला!"
मावशी तांदूळ निवडत होत्या,
त्यांनी सूप उचललं, पाय आवरले,
आणि काही म्हणाल्या नाहीत.
मी बादली ओतली.
तू वाकून हात हलवलास, टाटा.

त्या रात्री जाळीपाशी मी उगाच रेंगाळलो.
खालून सगळं शहर घोंघावत येत होतं.
तांडेल म्हणाला, काय हरवलं का?
म्हटलं, नाही रे,
घरचं कुणी येणार होतं.

सकाळी आलो, दार उघडलं,
पाय सरकवला तर सपातीत शू.
तू कोपऱ्यातून बघतेस, एक डोळा माझ्याकडे,
एक बेडकाकडे.

असू दे.