हाड मऊ होईपर्यंत

डिओलिंडा टाचण्या ओठांत धरते,
एका वेळी नऊ-दहा, डोकी बाहेर, टोकं आत,
चौदाव्या वर्षापासून.
फेब्रुवारीत एका नवरीचा घेर बेतताना
पांढऱ्या साटिनवर लाल ठिपका पडला.
नवरी किंचाळली.
डिओलिंडा शोधत राहिली, रक्त कुणाचं.

खालचा ओठ, उजवी बाजू, थेट हनुवटीपर्यंत:
दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याला लावलेला.

विला दो कोंदचा दंतवैद्य अबीलिओ भला माणूस.
आधी म्हणाला, पू आहे. मग म्हणाला, नस दुखावली असेल.
दाढ काढली. खड्डा भरेना.
शेजारची हलायला लागली, तीही काढली.
मी त्याला बोल लावत नाही.
जबड्याचं दुखणं बहुतेक वेळा दाताचंच असतं,
आणि उरलेलं ते एक
त्याच्या खुर्चीत आयुष्यात एकदाच येऊन बसलं.

त्याच्या पहिल्याच फिल्मवर
दाढेच्या मुळांभोवतीची केसाएवढी काळी रेघ
जरा रुंद आहे. सगळीकडून सारखी.
आता दिसते.
आता सगळ्यांनाच दिसते.

पोर्तोला माझ्या टेबलावर आला तो नखाएवढा तुकडा.
हाड असं कापता येत नाही, पातं तुटतं.
आधी त्यातला चुना काढायचा, द्रावणात बुडवून,
रोज थोडा.
घाई केली, कडक आम्ल ओतलं,
तर पेशींचे चेहरेच पुसले जातात.
कितेरिया रोज सकाळी चिमट्याने दाबून बघते
आणि मान हलवते.
डिओलिंडाचा नवरा अदेरितो होड्या दुरुस्त करतो.
रोज चारला त्याचा फोन:
"अजून कडकच आहे का?"
हो, म्हणते मी. अजून कडकच.
त्याला ते बरं वाटतं, असं मला वाटायचं.

नवव्या दिवशी काच.
आधी दिसली कूर्चा, निळसर, शांत,
नाकात, कानात असते तशी.
मी तरुण असताना अशा कूर्चेवर
'निरुपद्रवी' लिहून मोकळी झाले होते.
बाईंनी शब्दावर लाल पेन्सिल मारली:
जबड्यात कूर्चेचं काय काम?
आली असेल तर विचार, कुठून आली.

मग सरकवत सरकवत कडेला,
गुलाबी.
पेशींच्या मधून काढलेलं कच्चं हाड.
पुस्तकं म्हणतात, लेससारखं.
लिहिणाऱ्याने कुणाला लेस विणताना पाहिलं नसावं.
माझी मावशी उशीवर साठ-साठ फिरक्या नाचवायची,
पण प्रत्येक धागा कुठून निघाला
हे तिला झोपेतही ठाऊक असे.
इथे धागे आहेत, कुणाचेच नाहीत.
सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात.
मी एवढ्याशा सुतावरून
कुठे जाऊन पोचते आहे, बघा.

तरी दोघांना दाखवली. एक काच लिस्बनला पाठवली.
दोघांचं एकमत झालं,
आणि लिस्बनचंही.

शुक्रवारी ती स्वतः आली, हिरवा कोट,
बाहीवर चुकून राहिलेला पांढरा दोरा.
म्हणाली, बघू द्या.
असं कुणी मागत नाही.
मी खुर्ची सरकवली.
एक डोळा मिटून बराच वेळ बघत होती.
"मोजायला विसरलंय कुणीतरी," म्हणाली,
"कुठे थांबायचं ते."

मग विचारलं, कापणार किती.
मी बोटांनी दाखवलं: गाठीच्या पुढे एवढं,
इकडे एवढं, निरोगी हाडातून.
तिने माझी बोटं धरून
आणखी थोडी लांबवली.
शिंपीण आहे मी, म्हणाली.
कापताना माया जास्तच ठेवतात,
म्हणजे नंतर
काहीतरी जोडता येतं.

अहवाल अजून टंकायचा होता.
चार वाजले. फोन वाजला.
ती म्हणाली, थांबा,
मी घेते.