मांजराच्या केसाचा कुंचला

छीतर बुंदीचा.
सित्र्याच्या कॅम्पात माझ्या वरच्या खाटेवर.
दिवसभर पाइपलाइनला पिवळा रंग देतो, रोलरने,
मैलच्या मैल एकच पिवळा.
मी स्टोअरकीपर. डबे मोजतो, सही घेतो.

उन्हाळ्यात बारा ते चार काम बंद, सरकारी हुकूम.
सगळे एसीखाली आडवे.
हा मांडी घालून शिंपल्यात रंग खलतो
आणि श्वास धरतो.
श्वास चालू ठेवून पापणी काढता येत नाही म्हणे.

गावी कुंचला खारीच्या शेपटीचा.
इथे खार कुठली?
मेसमागे एक भुरं मांजर काट्यांवर जगतं,
त्याला हमूरचं डोकं लाच देऊन
चार केस घेतले.
मी विचारलं, स्टॉकात नोंदवू?
तो हसला नाही.

बुंदीबद्दल एकदाच बोलला.
गडावर हिरव्या भिंतींचं दालन आहे,
बापाने तिथे उभं केलं होतं :
हात लावायचा नाही. बघ.
उद्या घरी बसून आठव.

मी म्हटलं, माझं घर काढ, कुडाळचं.
फोटो दिला.
त्याने तो पालथा ठेवला. म्हणाला, सांग.
मग मी सांगत बसलो. रहाट. पोफळी.
हेमांगीचा खरचटलेला गुडघा, त्यावरची हळद.
तीन दुपारी गेल्या,
आणि मला दाराचा रंग सांगता येईना.

चित्र पत्त्याएवढं.
रहाटाला टेकूनच आमची खोली, सहा खाटा,
सगळ्यांचा एकेकच डोळा.
मधे समुद्र, बोटभर, त्यात कमळं.
समुद्रात कमळं रे?
म्हणाला, आम्हाला पाणी एकच शिकवलं.

हेमांगी माझ्याएवढीच उंच.
ती लांब आहे, मी म्हटलं, लहान हवी होती.
आमच्यात लांबचं लहान होत नाही, म्हणाला.
सावली कुठेच नव्हती,
भर बाराचं ऊन असल्यासारखी.
दार त्याने कोरं सोडलेलं.
आणि त्याच्या खाटेवर मांजर, पंजा चाटत.

चारचा भोंगा झाला.
कुंचला टोपीत खोचून तो खाली उतरला.
मी वहीत लिहिलं :
पिवळा, वीस लिटर, दोन डबे.
सही घ्यायची राहिली.