अकरावा खांब

सुकती लागली की आमच्या हातात दोन तास असतात,
उधाणाचे दिवस असले तर सव्वादोन.
बाल्तासार घड्याळ बघत नाही,
चिखलात खेकडे कुठवर आलेत ते बघतो
आणि म्हणतो, उतर.

मी उतरते. मांडीपर्यंत बूट, कमरेला दोर,
लोकरी टोपी एका कानावरून वर सरकवलेली.
तेवढा कान कामाचा.

सायप्रसचा खांब ठोकला की उत्तर देतो,
आखूड, कोरडं,
दार न उघडता आतूनच कुणी "आहे" म्हणावं तसं.
पोखरलेला मात्र बडबडतो, वाळल्या भोपळ्यासारखा.
समुद्री वाळवी बाहेर सुईएवढं भोक ठेवते
आणि आत संसार मांडते.
वरून डांबर, कालवं, शेवाळ, सगळं जागच्या जागी.

एक ते सहा ठीक.
सातव्याला तळाशी दोन वितींची झीज,
जोड दिला की दहा वर्षं बघायला नको.
आठ, नऊ, दहा.

हा धक्का माझ्या वडिलांनी बांधला,
चिलोएच्या या कोपऱ्यात, गावाच्या इर्जिकीत.
बैलांनी ओंडके ओढले, बायकांनी बटाटे उकडले,
पोरांनी डांबर ढवळलं.
लाकडाच्या पैशांचा हिशेब तेवढा
एलिसेओ रेमोलकोय यांच्या एकट्याच्या वहीत.
मी त्याच वर्षीची.

चाळीस वर्षं ते आपली होडी अकराव्यालाच बांधत आले.
दुसऱ्या कुणी दोर टाकला तर शिव्या घालून सोडायचे.
गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचा जीव आहे त्या जागेवर.

अकराव्यावर हातोडी मारली.
लाकूड बोललंच नाही.
धातू बोलला.

पटाशीने कालवं काढली. डांबराखाली किंतान,
किंतानाखाली दुधाच्या डब्यांचे पत्रे,
त्याखाली शिसं, मग पुन्हा डांबर, आणखी जुनं,
त्याखाली लोखंडी पट्टा, नालेचे खिळे ठोकलेला,
आणि अगदी आत, कमरेएवढ्या उंचीवर,
तांब्याचा पत्रा.

मधोमध उरलं होतं मनगटाएवढं लाकूड.
पांढुरकं. नख रुतलं.
सायप्रस नव्हे, तेपा.
तेपाची आम्ही सफरचंदांची खोकी करतो.

म्हणजे अमावास्येच्या रात्री कंदील घेऊन ते जायचे
ते खेकड्यांसाठी नव्हे.
मला आठवतं, परत येताना टोपली रिकामी असायची
आणि आई म्हणायची, हे कसले कोळी.

एका खांबाच्या फरकात तेव्हा काय येत असेल?
दोन मेंढ्या.
किंवा कास्त्रोच्या इस्पितळापर्यंत रात्रीची एक लाँच.
मी विचारणार नाही.

वरून बाल्तासार ओरडला, काय म्हणतो अकरावा?
पाणी घोट्याला लागलं होतं.
बाल्तासारच्या बापानेही या धक्क्याला पैसे दिलेले,
बटाटे विकून.
मी बराच वेळ खिळे मोजल्यासारखं केलं.
म्हणाले, म्हातारा झालाय.

वहीत लिहिलं:
अकरावा. बदलणे. कारण, वय.
अक्षर जरा वाकडं आलं, थंडीने असेल.

घरी वडील चुलीशी बसलेले, पाय ओव्हनच्या दाराशी.
काही विचारलं नाही. पाव संपवला. मग,
"कुठलं लाकूड घालणार?"
"सायप्रस."
"जाड घे," म्हणाले. "मी सांगितलं म्हणून नको सांगूस."

तांब्याचा पत्रा मी ओट्यावर ठेवला,
हिरवा पडलेला, ठोकून सपाट केलेला,
तरी एका कडेला कानाची कोर अजून कळते.
आमचा मोठा हंडा.
त्याच्यापायी आईने मावशीशी
नऊ वर्षं अबोला धरला होता.

वडील चुलीत लाकूड सारतात, नसलेल्या विस्तवात.

आई चष्मा शोधते आहे.