पान एकोणतीस

सव्वीस मुलं, प्रती अकरा.
एकेका पुस्तकावर दोन-तीन डोकी.
मागच्या बाकावर ट्रेव्हियन, हुडीत बुडालेला,
त्याच्या शेजारी कोल हॅलब्रुक,
दोघांत एक पुस्तक, मध्ये वीतभर अंतर.
जेवणानंतरचा तास. एसीची घरघर.
खिडकीबाहेर कापूस, आणि कापसापलीकडे
आमच्या काउंटीचं कोर्ट, अजून तेच.
मी म्हणते, पान एकोणतीस.

ओलेथा ग्रिग्ज. वय एकेचाळीस.
लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरणारी.
पहिल्या चौकटीत ती कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे
मतदारयादीत नाव लावायला:
निळा झगा, घरीच खळ दिलेले पांढरे हातमोजे.
दुसऱ्या चौकटीत ती उतरते आहे.
झगा तोच.
हातमोजा एकच.

"एवढंच? मधलं काढायचं विसरले की काय?"
केंझीला चक्क राग आलेला असतो.
मी बोट ठेवते दोन चौकटींमधल्या पट्टीवर,
करंगळीच्या नखाएवढी रुंद, कोरी.
इथे किती वेळ गेला असेल?

पाच मिनिटं, कुणी म्हणतं.
छे, अख्खा दिवस. बाकावर बसवून ठेवलं असेल.
घटनेचं कलम वाचायला लावलं असेल,
मग त्याचा अर्थ सांग म्हणून,
मग अर्थ चुकला म्हणून.

बावीस वर्षं मी हे सनावळ्यांनी शिकवलं.
अमुक कायदा, तमुक साल.
मुलं लिहून घ्यायची आणि शुक्रवारी
पेपरावर ओतून मोकळी व्हायची.
आज पहिल्यांदाच कुणी विचारतंय,
मिस टॉलिव्हर, हातमोजा कुठे गेला?

हुडी जराशी मागे सरकते.
"माझी पणजी अशीच सांगते," ट्रेव्हियन म्हणतो.
"सकाळी निघालो, म्हणते. मग गप्प.
मग एकदम, संध्याकाळी घरी येऊन भेंडी चिरली.
मला वाटायचं, मधलं ती विसरली."

कुणी हसत नाही.
आणि मला दिसतो कोलचा अंगठा,
डाव्या पानावर, अठ्ठाविसाव्या,
कारकुनाच्या टेबलावरच्या पितळी पाटीवर
घट्ट दाबून धरलेला.
पाटीवरचं आडनाव मला पाठ आहे.
ट्रेव्हियनला ते आत्ताच दिसलंय.
तो काही बोलत नाही.
मीही नाही.

मग मी कोरे कागद वाटते.
मधलं तुम्ही काढा, म्हणते.
कुणी काढतं घड्याळ, कुणी बूट, कुणी नुसता काळा रंग.
घंटा होते तरी कोल उठत नाही.

त्याच्या कागदावर माणूसच नाही.
एक टेबल. टेबलाला खण.
खण बोटभर उघडा,
आत पांढरा हातमोजा, घडी केलेला.

मी त्याला गुण दिले नाहीत. काय देणार?
ट्रेव्हियनने तो कागद मागून घेतला,
पणजीला दाखवायला.
सोमवारी परत आणतो म्हणाला होता.
तीन सोमवार झाले.
मी विचारलेलं नाही.
कोलनेही नाही.