लोकरीला मनाई

डेब्रेत्सेन, जानेवारी. खोलीत शेगडी नाही.
एतेल्का स्वेटर बाहेरच खुंटीला अडकवून येते:
लोकरीचा एक तंतू जरी कुपीत पडला
तर तोच चमकत बसेल, आणि रक्त गप्प राहील.

तीनदा गाळलेलं द्रावण. पाण्याइतकं नितळ.
पाऱ्याच्या दिव्याची निळी तिरीप आत शिरते
आणि ती कोन मोजत जाते,
तीस, पंचेचाळीस, नव्वद,
बोटं बधिर, पेन्सिल दातांत.

इथे फायब्रिनोजेन कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
उजेड कुठल्या अंगाला किती सांडतो
त्यावरून ती वहीत लिहिते:
काडीसारखं असावं. लांबुळकं.
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

मग थ्रॉम्बिनचा थेंब.
नजरेला काहीच नाही. द्रावण तसंच.
पण काटा हलला.
काडीपुढे काडी, शेजारची रांग अर्धी सरकून,
बाप विटा रचायचा तशी,
सांध्यावर सांधा येऊ न देता.

काटा पट्टीबाहेर.
कुपी उलटी धरली तरी
सांडत नाही काही.

स्वेटर चढवताना दिसतं,
सकाळी काचेनं कापलेलं बोट
कुणी न मोजताच
कधीचं मिटलंय.