एसीच्या पाण्यावरची बाग

पहाटेच्या बांगेआधी पाच मिनिटं
मी हेरंबच्या छातीवर जाऊन बसते.
त्याला वाटतं, पहिल्या पाळीसाठी उठवते मी.
वाटू दे.
मागच्या दाराच्या कडीला अंगठा लागतो
आणि घरात तो फक्त या दोघांकडे आहे.

मागे अंगण. म्हणजे बारा फरश्या, एक भिंत,
आणि भिंतीपलीकडच्या बलूशींचा खजूर,
जो वाकून इकडे येतो, म्हणून माझा.
एसीची नळी निळ्या बादलीत ठिबकते रात्रभर.
ते पाणी शर्मिष्ठा मोजून घालते:
अळूला तीन मग, कढीपत्त्याला दोन,
तुळशीला एक, मग एक असाच, भिंतीच्या कडेला,
जिथे काहीच लावलेलं नाही.
"असू दे गं," म्हणते. मी काही विचारलेलं नसतं.

मला प्यायला वेगळी वाटी आहे, स्टीलची,
तळाशी कोरलेलं: कुमुदमावशीकडून, मुंज, १९८९.
त्या पाण्याला वाटीचा वास येतो.
बादलीतल्याला रात्रीचा.
मी बादलीतलं पिते.

मे लागला की फरशी पायाला चावते.
मग आम्ही सावलीमागे सरकत राहतो, मी आणि हळकुंड
(हा पिवळा बोका बंदराजवळ गाडीच्या इंजिनात सापडला,
अजून त्याला पेट्रोलचा वास आवडतो).
नऊला सिलिंडरमागे, अकराला वॉशिंग मशीनखाली,
बाराला सावली आपल्याच पोटाखाली शिरते
आणि कुणालाच देत नाही.
तेव्हा आत. काचेच्या या बाजूने
साळुंक्यांना काय वाटेल ते बोलावं.

शुक्रवारी सोहारच्या बाजारातून सुरमई येते.
डोकं कुणाचं, यावर अकरा वर्षांत वाद नाही.
बांगडा आला तर मात्र लक्ष ठेवावं लागतं,
कारण एकदा तिरफळं पडली
की मासा माणसांचा होतो.

त्या गुरुवारी तो दुपारीच घरी आला.
बूट काढले नाहीत. कागद टेबलावर ठेवला.
पंख्याने तो पाडला, मी त्यावर बसले,
कुणी उठवलं नाही.
रात्री भांडी घासताना शर्मिष्ठा म्हणाली,
"माझ्या मनात कधीची पाल चुकचुकत होती."
मी ट्यूबलाइटमागे पाहिलं.
पाल नव्हती तिथे.
ती मी मंगळवारीच खाल्ली होती.

मग खोकी आली, आणि खोकी चांगली असतात.
पण सोफा गेला, ज्याचा डावा हात मी घडवला होता.
मग दोन माणसं आली, वॉशिंग मशीन उचलून नेलं,
आणि अकरा वाजायची जागाच राहिली नाही.
हळकुंड त्या चौकोनी डागावर उन्हात बसून राहिला,
सगळं परत येईल अशा थाटात.

काल शर्मिष्ठाने सामान मोजायचा काटा काढला.
आधी पितळी समई. मग चटणीकुटाचे डबे.
मग मला पिशवीत घालून आकड्याला लटकवलं.
चार किलो दोनशे.
हळकुंड साडेपाच, शिवाय शिव्या.
तिने कागदावर लिहिलं. खाली रेघ मारली.
फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलली:
पिंजरा, इंजेक्शन, दाखला, "दोघांचं मिळून किती?"
मग समई कपाटात परत ठेवली.
मग पुन्हा काढली.
वाचता येत नाही मला. रेघ कशाखाली होती,
की कशावरून, ते दिसलं नाही.

संध्याकाळी तिने झाडांना पाणी घातलं,
मग न मोजता.
बादली भिंतीच्या कडेला उपडी केली,
आणि बघते तर त्या रिकाम्या जागेत
बोटभर काहीतरी हिरवं आलेलं.
बलूशींची खारीक असेल, साळुंकीने टाकलेली.
मी हुंगलं. खाण्यासारखं नव्हतं.
ती मात्र उकिडवी बसून बघतच राहिली.

आज बांगेआधी पाच मिनिटं
मी हेरंबच्या छातीवर गेले.
तो जागाच होता.
आता पाळी नाही, उठवायचं कारण नाही.
तरी बसले.
कडीला अंगठा तर लागतोच.